झोपेत दात खाणं, अडकलेला जबडा आणि नाईट गार्ड : माझा अनुभव

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, नाईट गार्डने (रात्री झोपताना दातांवर बसवायचं कवच) दात खाणं थांबत नाही. हे मला सुरुवातीलाच कोणी नीट सांगितलं असतं तर बराच ताप वाचला असता म्हणून हे लिहायला घेतलं. गार्ड दात वाचवतो, बस. खरं काम दिवसा करावं लागतं आणि ते कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही.

माझं सुरू झालं कानापासून. सकाळी उठलं की उजवा कान आतून ठणकायचा, कानशिलं जड, आणि अकरा-साडेअकरापर्यंत आपोआप कमी. मला वाटलं ट्रेनच्या दारात उभं राहून वारा लागतो (डोंबिवलीहून रोज फास्ट पकडणाऱ्यांना कळेल) म्हणून कापसाचे बोळे घालून फिरले काही दिवस. शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी दुर्बीण घालून बघितलं, कान एकदम स्वच्छ. मग त्यांनी दोन बोटं माझ्या कानाच्या पुढे ठेवली आणि आ करा, मिटा, परत आ करा असं करायला लावलं. प्रत्येक वेळी कट्कन आवाज. म्हणाले हे माझं खातं नाही, जबड्याचा सांधा आहे हा, दाताच्या डॉक्टरांना दाखवा. फी घेतली पण गोळ्यांची यादी नाही दिली, याबद्दल मी त्यांना मनापासून मानते.

घरी सांगितलं तर नवरा शांतपणे म्हणतो, "अगं तू रात्री दात खातेस ना, जात्यात खडा आल्यासारखा आवाज येतो." इतकी वर्षं सांगितलं का नाही तर म्हणे तुला वाईट वाटेल! आईला फोन केला तर तिचं वेगळंच, "लहानपणी पण खायचीस, जंत झाले असतील म्हणून मी वावडिंगाचं पाणी पाजायचे." हे जंतांचं प्रकरण आपल्याकडे घरोघरी आहे, पण नंतर दाताच्या डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या जंतांमुळेच दात खातात याला काही पक्का पुरावा नाही, लहान मुलं बरीच खातात आणि बहुतेकांचं मोठं होता होता आपोआप थांबतं. माझं थांबलं नाही, किंवा थांबून परत आलं, कोण जाणे.

पहिल्या क्लिनिकमध्ये (नाव सांगत नाही) खालच्या दाढेला रूट कॅनाल आणि वर कॅप असं सांगितलं, कारण दाढ दुखते असं मीच म्हणत होते. खर्च ऐकून म्हटलं जरा थांबते. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने तिच्या डॉक्टर सुचवल्या, तिकडे गेले आणि तिथून खरी गाडी रुळावर आली. त्यांनी दाढ ठोकून बघितली, थंड लावून बघितलं, एक्सरे काढला, दाढेत काहीच नाही. मग जीभ बाहेर काढायला लावली, जिभेच्या कडेला दातांचे ठसे. गालाच्या आतून एक पांढरी रेघ. सुळ्यांची टोकं सपाट झालेली, हे मी रोज आरशात बघूनही कधी लक्षात आलं नव्हतं. आणि मग त्यांनी माझ्या गालावर, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा वर, बोटाने दाबलं आणि तिथेच धरून ठेवलं. चार-पाच सेकंदांनी माझी दाढ ठणकायला लागली! दाढेला हातही न लावता. "हेच दुखणं ना?" म्हणाल्या. तिथे चावायचा मोठा स्नायू असतो, मॅसेटर, तो दुखायला लागला की दुखणं दाढेत नाहीतर कानात जाणवतं. म्हणजे निरोगी दाढेचं रूट कॅनाल झालं असतं आणि दुखणं होतं तिथेच राहिलं असतं.

मग बराच वेळ चौकशी. चहा किती, संध्याकाळनंतर किती, सिगरेट, दारू, झोप कशी लागते, कुठल्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांचं का तर डिप्रेशन किंवा अँग्झायटीसाठी देतात त्यातल्या काही गोळ्यांनी काही जणांचं दात खाणं सुरू होतं किंवा वाढतं (असं वाटलं तर गोळी स्वतः बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांनाच सांगायचं). आणि घोरण्याबद्दल मला नाही, नवऱ्याला विचारलं. झोपेत श्वास अडकतो अशा लोकांमध्येही हे बऱ्याचदा दिसतं आणि तसं असेल तर आधी झोपेची तपासणी करावी लागते. माझं घोरणं फक्त सर्दीपुरतं असल्याने ते तिथेच मिटलं. त्यांनी असंही समजावलं की गाढ झोपेत नाही, हलक्या झोपेत मेंदू काही सेकंद जागा झाल्यासारखा होतो, छातीचे ठोके वाढतात आणि मग जबड्याचे स्नायू आवळले जातात. म्हणजे हे आपण 'करत' नसतो, तेव्हा घरच्यांनी "खाऊ नको ना दात" असं हलवून उठवण्यात काही अर्थ नाही. टेन्शनने वाढतं मात्र नक्की. आमचा मार्च एंड म्हणजे काय असतो ते अकाउंट्समध्ये काम करणाऱ्यांना सांगायला नको.

गार्डबद्दल. मी आधी ऑनलाइन मिळतो तो गरम पाण्यात बुडवून चावायचा मऊ गार्ड मागवला होता, स्वस्त होता, पण माझं त्यावर चावणंच वाढलं, रात्रभर च्युइंगम खाल्ल्यासारखं सकाळी तोंड दुखायचं. डॉक्टरांनी कडक अॅक्रिलिकचा, वरच्या सगळ्या दातांवर बसणारा करायला सांगितला. फक्त पुढच्या दातांवर बसणारे छोटे पण मिळतात पण ते बरेच महिने वापरले तर दातांची चावण (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसतात ती ठेवण) गडबडू शकते म्हणाल्या. माप घ्यायला ती गुलाबी पेस्ट भरलेला ट्रे तोंडात कोंबतात, मला नुसत्या वासानेच उमासे आले. ज्यांना माझ्यासारखं होतं त्यांच्यासाठी, मान पुढे झुकवून नाकाने श्वास घ्यायचा आणि पायाची बोटं हलवत राहायची, लक्ष तिकडे जातं, दोनेक मिनिटांत पेस्ट घट्ट होते. गार्ड आल्यावर निळा कागद दातांमध्ये धरून चावायला लावतात, जिथे जास्त टेकतो तिथे निळा ठिपका उमटतो, तो घासून काढतात, परत कागद, परत घासणं. हे नीट करून घ्या, घाई करू देऊ नका, सगळ्या बाजूंनी सारखा टेकायला हवा. मला साडेचार हजार पडले. परवडत नसेल तर सरकारी किंवा पालिकेच्या डेंटल कॉलेजला जा, मुंबईत सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातलं किंवा मुंबई सेंट्रलचं नायर, वेळ जातो पण पैसे बरेच कमी लागतात.

सुरुवातीला लाळ गळून उशी ओली, आणि सकाळी गार्ड पांघरुणात सापडायचा, झोपेत कधी काढून टाकायचे मलाच माहीत नाही. हळूहळू सवय झाली. धुवायचा साध्या पाण्यानेच, गरम पाण्याने वाकतो, आणि टूथपेस्टने ओरखडे पडतात म्हणून मऊ ब्रश आणि साधा साबण.

मग काही आठवडे दात शाबूत, पण कानशिलं तशीच. आणि एके दिवशी लक्षात आलं कट्कन आवाज येत नाहीये. मी खूश! दोन दिवसांनी सकाळी ब्रश आत जाईना. आ करायला गेले तर अर्ध्यातच थांबलं, उजवीकडे जबडा सरकून. घाबरून क्लिनिकला धावले. डॉक्टरांनी पट्टीने मोजलं, 26 मिलिमीटर. साधारण 40 च्या आसपास तरी उघडायला हवं, आपली तीन बोटं उभी मावली पाहिजेत हा घरगुती हिशोब. सांध्यात एक चकती असते, ती पुढे सरकलेली असते आणि तोंड उघडताना परत जागेवर येते तेव्हा तो कट्कन आवाज येतो. ती परत यायचीच बंद झाली की आवाजही बंद आणि तोंडही बंद. नुसता आवाज, न दुखता, बऱ्याच लोकांना असतो आणि त्याचं काही करायची गरज नसते, पण आवाज जाऊन तोंड कमी उघडायला लागलं तर लगेच दाखवा. ऑपरेशन वगैरे काही लागलं नाही मला, बहुतेकांना लागत नाही, थोडे दिवस दुखण्याची गोळी, शेक, मऊ जेवण आणि फिजिओ.

फिजिओवाली मुलगी वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, पण तिनेच मला सुधारलं. पहिल्याच दिवशी हनुवटी हातात धरून म्हणाली, "ताई, जबडा सोडा." म्हटलं सोडलाय. "नाही सोडलात." परत सोडला. "अजून धरलाय." मला कळेचना की अजून काय सोडायचं! मग तिने सांगितलं, दिवसभरात वरचे खालचे दात एकमेकांना टेकायची गरज फक्त जेवताना आणि गिळताना असते, सगळं मिळून अर्धा तासही नाही. बाकी वेळ ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला, 'न' म्हणताना लागते तिथे. मी तर कायम दात टेकवूनच बसलेली असायचे.

तिने घरात दिसतील अशा जागी खुणा चिकटवायला सांगितलं, मी टिकल्या लावल्या. लॅपटॉपच्या कोपऱ्यात, फ्रिजवर, मिक्सरवर, स्कूटीच्या आरशावर, मोबाईलच्या मागे. टिकली दिसली की दात टेकलेत का बघायचं आणि सोडायचे. पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक टिकलीला दात टेकलेले. मजेशीर गोष्ट म्हणजे टेन्शनमध्येच असं नाही, कांदा बारीक चिरताना, सुईत दोरा ओवताना, सिलेंडर सरकवताना, एक्सेलमधला न जुळणारा आकडा शोधताना, आणि ट्रेनमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकून बसल्यावर तर हमखास. सासूबाईंनी विचारलं मिक्सरला टिकली का, तर सांगितलं, तर त्या म्हणाल्या मी पण धरते गं दात, आता त्या पण सोडतात.

बाकी रोजचं म्हणजे रात्री गरम ओला टॉवेल दोन्ही गालांवर दहा मिनिटं, मग बोटांनी गाल आणि कानशिलं गोल गोल चोळायची, जीभ टाळूला लावून तोंड जेवढं न दुखता उघडेल तेवढं सावकाश उघडायचं. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. पोटावर झोपणं बंद. खाण्यात मुगाची खिचडी, उपमा, पेज, भाकरी दुधात कुस्करून. चिक्की, ऊस, कणीस, सुपारी बंद, वडापाव सुरीने कापून खाल्ला मी, लोकांनी बघितलं, बघू दे. साडेपाचनंतरचा चहा सोडणं मात्र सगळ्यात अवघड गेलं. तोंड पूर्ण उघडायला दोन-अडीच महिने गेले, रोज थोडं थोडं, कळतही नव्हतं.

मधल्या काळात सल्ले खूप आले. एकाने ब्रेसेस लावून चावण सरळ करा म्हणजे थांबेल म्हणून सांगितलं, माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं, दात सरळ करायचे तर करा पण दात खाणं थांबावं म्हणून नको, आणि या कारणासाठी चांगले दात घासून बारीक करून घेणं तर अजिबातच नको कारण ते परत येत नाहीत. बोटॉक्सचंही ऐकलं, गालाच्या स्नायूत इंजेक्शन देतात, स्नायूचा जोर कमी होतो, पण तीन-चार महिन्यांनी असर उतरतो आणि परत पैसे. एका मैत्रिणीने घेतलं, तिला बरं वाटलं, गालही जरा बसले. मला शेक आणि टिकल्यांवर भागलं तर उगाच कशाला.

आता सकाळची कानशिलं बहुतेक दिवस हलकी असतात. मार्चमध्ये परत जड झाली होती, गेली. आवाज थोडा आहे, दुखत नाही, सोडून दिलाय. दात अजून खाते, नवरा सांगतो आणि गार्ड पण सांगतो, उजव्या बाजूला चांगला खळगा पडलाय त्याला. डॉक्टर म्हणाल्या आरपार जायच्या आत घेऊन या, नवीन करू, आणि आता माप स्कॅनरने घेतात, पेस्ट नाही. एवढं एकच ऐकून मी अपॉइंटमेंट घेतली.