मोडली, पण तुटली नाही

शब्दार्थाच्या अभ्यासासाठी केलेल्या आमच्या तक्त्यात 'मोडणे' या क्रियापदासमोर 'वस्तू विलग होते का?' असा एक रकाना आहे आणि त्यात 'होय' भरलेलं आहे. ते 'होय' मला सुरुवातीपासून खुपत होतं. नेमकं काय खुपतंय ते मात्र ध्वनिमुद्रणाला आलेल्या एका सुतारकाकांमुळे कळलं. कळलं तरी प्रश्न सुटलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

काम थोडक्यात असं: शब्दाचा अर्थ लहान लहान घटकांत सोडवायचा. नात्यांच्या शब्दांवर हे देखणं जमतं. मावशी, आत्या, मामी, काकू. चौघी स्त्रिया, चौघी आपल्याहून एक पिढी वरच्या. आता फक्त दोन प्रश्न: आईकडची की वडिलांकडची, आणि रक्ताची की लग्नाने आलेली? चौघी चार रकान्यांत जाऊन बसतात, एकीचीही सरमिसळ होत नाही. वॉर्ड गुडइनफ आणि फ्लॉइड लाउन्सबरी या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी १९५६ साली ही पद्धत मांडली तीही नात्यांच्या शब्दांवरच. वर्गात शिकवणारे बहुतेक जण अजून तिथेच थांबतात, त्यामुळे मुलांना वाटतं की सगळी भाषा अशीच शहाण्यासारखी वागते.

क्रियापदं तशी वागत नाहीत. आमच्या वाट्याला मोडतोडीची आली होती: तुटणे, मोडणे, फुटणे, फाटणे आणि त्यांची भावंडं. पद्धत जुनीच. काही सेकंदांची मुकी चित्रफीत दाखवायची आणि विचारायचं, "काय झालं?" अशाच चित्रफिती दाखवून २८ भाषांची तुलना करणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तू नेमकी कुठे दुभंगणार हे आधी सांगता येतं का (सुरीने कापताना येतं, हातोडा घालताना येत नाही), हा भेद त्या भाषांमध्ये सगळ्यांत ठळक निघाला. बाहेरच्यांना हे काम सोपं वाटतं. पण यातली खरी कसरत म्हणजे आपल्या तोंडून क्रियापद निसटू न देणं. "तुटलं का?" असं एकदा विचारून बसलात की समोरचा माणूस भिडेखातर तुमचाच शब्द तुम्हाला परत करतो, आणि ती बैठक वाया जाते.

प्रकल्पाच्या मूळ तक्त्यात पदार्थानुसार वाटणी होती: लांबट आणि लवचीक ते तुटतं, लांबट आणि ताठ ते मोडतं, ठिसूळ ते फुटतं, पातळ आणि पसरट ते फाटतं. दोरी, काठी, काच, कापड. चौघांचं चांगलं जमलं होतं. मग आली ओल्या फांदीची चित्रफीत. माणूस फांदी वाकवतो, ती मध्येच कडकन पिचते, पण सालीच्या धाग्यांवर लोंबत राहते. काका लगेच म्हणाले, "मोडली." आणि मी काही विचारायच्या आत, स्वतःहून, "पण तुटली नाही हं, ताई."

शब्दार्थाच्या कामात असं 'पण' म्हणजे सोनं. एका शब्दाच्या अर्थात दुसऱ्याचा अर्थ सामावलेला असेल तर 'पण' घालून तो नाकारता येत नाही. 'काच फुटली, पण तिला तडासुद्धा गेला नाही' हे कुणी म्हणणार नाही. 'काठी मोडली, पण तुटली नाही' मात्र बिनतक्रार चालतं. उलट बाजूही बघावी लागते, आणि ती बघायचा कंटाळा फार लोक करतात. 'काठी मोडली आणि तिचे दोन तुकडे झाले' हेही चालतंच. म्हणजे मोडण्यात विलग होणं सक्तीचं नाही आणि वर्ज्यही नाही. त्या बाबतीत क्रियापद गप्प आहे. पुरावा तर रोजच्या बोलण्यात पडलेला होता. हात मोडला की प्लास्टर घालतात. हात तुटला ही वेगळीच, भयंकर गोष्ट.

मग ताठपणाचं काय? तेही काकांनीच सोडवलं. दोरीच्या चित्रफितीला ते "तुटली" म्हणाले होते. मी विचारलं, "काका, काठीला मघाशी लावलात तो शब्द हिला चालेल का?" ते हसले. "दोरीला मोडायला आहेच काय?" मोडायचं तर आधी काही धरून ठेवलेली ठेवण हवी. ताठपणा हा अर्थाचा घटक नव्हेच, त्या अटीची सावली आहे.

आता आमचं सॉफ्टवेअर. रकान्यात दोनच पर्याय: होय आणि नाही. रिकामं सोडलं तर नोंद जतन होत नाही. 'याबाबत क्रियापद काही सांगत नाही' हे नोंदवायची सोय कुणाला सुचलीच नाही, कारण ते बनवणाऱ्यांपैकी कुणी काकांसारख्या, आपली भाषा बोलून दाखवणाऱ्या माणसासमोर बसलेलं नाही. सहकारी म्हणाला, "बहुतेक वेळा विलग होतंच ना? मग होय ठेव. आणि ती फांदीची चित्रफीत गाळून टाकू, धूसर आहे." चित्रफीत लख्ख आहे, धूसर आहे तो आमचा तक्ता. स्वच्छ आकडेवारी बऱ्याचदा अशीच स्वच्छ होते.

जाताना काकांनी आणखी एक रकाना निकामी केला. 'नुकसान होते का?' याला सगळ्यांनी डोळे झाकून 'होय' दिलं होतं. काका म्हणाले, "नव्या सदऱ्याची घडी मोडतो, त्यात कसलं नुकसान?" सदरा धड, कापड धड. नोट मोडली तरी पैसे तेवढेच. लग्न मोडतं आणि संबंध तुटतात, हेही मग नीट लागतं: एकात ठरलेली मांडणी जाते, दुसऱ्यात जोडलेलं सुटतं.

म्हणजे 'मोडणे'त उरतं ते एवढंच: होती ती रचना राहिली नाही. पण 'रचना' हा काही मूळ घटक नव्हे, तोही सोडवावा लागेल. भाषाशास्त्रज्ञ आना विएझबित्स्का यांनी १९७२ साली १४ मूळ अर्थांची, म्हणजे आणखी सोडवता न येणाऱ्या अर्थांची, यादी दिली. ती वाढत वाढत आता ६५ वर आली आहे. तिच्यात 'रचना' नाही. 'भाग', 'आधी', 'नंतर', 'सारखा' आहेत. त्यांवर 'मोडणे' उभं करून बघतेय. घडी बसते, फांदी बसते, नोट बसता बसत नाही.

तक्त्यात अजून 'होय'च आहे. मी शेऱ्याच्या रकान्यात सगळं लिहून ठेवलंय. तक्ता बाहेर काढताना सॉफ्टवेअर शेऱ्याचा रकाना वगळतं.