माकाबेच्या वाटेवरील हिरवाई

मॉरिशसमधील ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात, माकाबेच्या जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवर, पहिला अर्धा तास मी ज्या गर्द हिरवाईकडे कौतुकाने पाहत होते, ती मुळात या बेटाची नाहीच, हे सोबतच्या वाटाड्याने सांगितले तेव्हा मला मनापासून वाईट वाटले. दोन्ही बाजूंना दाटलेली ती झाडे ब्राझीलमधून आणलेल्या, लहान तांबड्या फळांच्या पेरूची होती. त्याची आंबटगोड फळे तेथील लोक आवडीने खुडतात. परंतु माकडे, रानडुकरे आणि पक्षी त्याच्या बिया रानभर पसरवतात, आणि मग त्याची अशी दाटी होते की तिच्याखाली मूळच्या झाडांचे रोप तग धरू शकत नाही. ही माकडे आणि डुकरेही माणसानेच आणलेली आहेत.

पुढे कुंपण घातलेला एक पट्टा लागला आणि जंगल एकाएकी वेगळे दिसू लागले. तेथील पेरू माणसांनी हातांनी उपटून काढला आहे, हरणांना आणि डुकरांना आत शिरता येत नाही, त्यामुळे झाडांखाली मूळच्या जातींची कोवळी रोपे उगवलेली दिसतात. गाभ्याच्या काळ्या लाकडासाठी डचांनी सतराव्या शतकात ज्याची बेसुमार तोड केली, तो आबनूस मी येथेच प्रथम पाहिला. उपटलेल्या जागी पेरू पुन्हा उगवतो आणि तो पुन्हा काढावा लागतो. हे काम कधी संपणारे नाही, आणि तरीही ते निष्ठेने चालू आहे, याचे मला फार मोल वाटते.

दरीच्या कड्यावरून दूरवर समुद्र दिसतो आणि खाली लांब शेपटीचे पांढरे समुद्रपक्षी तरंगत असतात. याच कड्यांच्या आधाराने मॉरिशसचा केस्ट्रेल, म्हणजे तेथील छोटा ससाणा, कसाबसा तगला होता. 1974 मध्ये जंगलात त्याचे केवळ चार पक्षी उरल्याची नोंद होती. मादीने घातलेली पहिली अंडी काढून घेतली तर ती पुन्हा अंडी घालते, या तिच्या स्वभावाचा आधार घेऊन जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली अंडी उबवली, पिले वाढवली आणि रानात सोडली.

आम्हाला ससाणा दिसला नाही. परतताना मात्र कुंपणाजवळच्या फांदीवर एक गुलाबी कबुतर बसलेले दिसले. 1990च्या सुमारास रानात याचे जेमतेम दहा पक्षी राहिले होते. फिकट गुलाबी छाती, तांबूस शेपटी, आणि पायात ओळखीसाठी घातलेली रंगीत कडी. वाटाडा थांबला, दुर्बिणीतून त्याने कड्यांचे रंग नीट पाहिले आणि खिशातील वहीत ते टिपून घेतले. तोवर आम्ही कोणीही जागचे हललो नाही.