मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने: जयगड आणि विजयदुर्गच्या पायवाटा

जानेवारीत आम्ही चौघं 36 फुटी शिडाच्या बोटीने मुंबईहून गोव्याला निघालो. घाई नव्हती. रोज थोडं अंतर कापायचं, खाडीत नांगर टाकायचा आणि डिंगीने, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीने, किनाऱ्यावर जाऊन चालायचं. कोकणचा किनारा एरवी गाडीतून पाहिलेला. समुद्राकडून गावात शिरताना आधी दीपगृह, मग धक्का, मग पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), मग देऊळ अशा क्रमाने गाव भेटतं, आणि माझ्या मते ते तसंच भेटायला हवं.

या दिवसांत पहाटे जमिनीकडून मतलई वाहते, दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो. त्यामुळे पहाटे निघून दुपारपर्यंत मुक्कामाला पोचणं सोयीचं. उघड्या पुळणीवर दुपारी डिंगी लावायच्या फंदात पडू नका, लाटा आडवं करतात. पूर्णगडला मुचकुंदीच्या मुखावर लाट फुटताना दिसली, म्हणून आम्ही आत शिरलोच नाही. किल्ला बाहेरूनच पाहिला.

जयगडला शास्त्रीच्या खाडीत आसरा चांगला आहे, पण बंदरात मोठ्या जहाजांची ये-जा असते. त्यांच्या वाटेपासून दूर राहा. नांगर कुठे टाकावा हे आम्ही मासेमारी बोटीच्या एका तांडेलांना, म्हणजे नाखव्यांना, विचारलं. "तिकडं नको, रात्री ट्रॉलर येतात," म्हणाले आणि किती वाव (खोली मोजायचं माप) पाणी कुठे आहे तेही सांगितलं. नकाशापेक्षा हे जास्त कामाला आलं. तिथून किल्ला, दीपगृह आणि पुढे कऱ्हाटेश्वर अशी सकाळची चाल सुरेख आहे. देऊळ कड्यावर, समोर अथांग पाणी, आणि खाली गोमुखातून गोड्या पाण्याची धार. बाटल्या तिथेच भरल्या.

रत्नागिरीहून विजयदुर्ग सुमारे 26 सागरी मैल. किल्ल्याच्या पूर्वेला, वाघोटण खाडीत, नांगर टाकला. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात मराठा आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांचं आरमार याच पाण्यात जळालं. तिथे रात्री बोटीवर झोपताना हे मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला आरमारी गोदी आणि गिर्येचा रामेश्वर पाहायचा होता. गोदी खाडीत आत सुमारे 3 किलोमीटरवर, खडक फोडून केलेली आहे. त्या दिवशी पौर्णिमा होती. जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आम्ही साडेदहाला, जवळजवळ भरल्या पाण्यात, थेट चिखलाच्या काठापर्यंत डिंगी नेली. उतरायला फार सोपं गेलं, आणि चूक तिथेच झाली.

गोदी पाहून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढलो. कातळ तापलेला, सावली जवळपास नाहीच. खाली हापूसच्या बागा मोहोरलेल्या. बागेतून वाट काढायची असेल तर आधी विचारा आणि बेडं (कुंपणाचं फाटक) उघडलं तर परत लावा. मोहोरावर फवारणीही चालू असते. रामेश्वराकडे कातळ कापून केलेल्या वाटेने उतरावं लागतं. वाटेतच संभाजी आंग्र्यांची समाधी आहे. देवळात दुपारी इतका गारवा होता की आमचा पाय निघेना.

चार वाजता परतलो तेव्हा पाणी पन्नास पावलांवर गेलं होतं, मध्ये नुसता चिखल. ओहोटी अजून चालूच होती आणि उधाणाच्या दिवशी पाणी फार लांब जातं. डिंगी ओढून पाहिली, पाय गुडघाभर रुतले आणि एकाच्या पायाला कालवाच्या शिंपल्याने चांगलीच जखम झाली. मग थांबलो. बोटीवर राहिलेल्या सोबत्याला वॉकीटॉकीवर कळवलं. चंद्र वर आला, आणि रात्री उशिरा पाणी डिंगीखाली आलं.

त्यानंतर आमचा नियम ठरला: चालायची वाट ठरवण्याआधी परतायची वेळ ठरवायची, आणि ती भरतीवरून. चढत्या पाण्यात उतरा, भरती पूर्ण व्हायच्या सुमारास परत या. तिथी रोज पुढे सरकते, तशी भरतीही रोज साधारण पाऊण तास. जमत असेल तर अष्टमीच्या आसपास जा. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी एवढं हटत नाही. धक्क्याला डिंगी बांधताना दोर लांब सोडा, नाहीतर ओहोटीत ती टांगली जाते.

पायात जाड तळाचे, बंद बूट हवेतच. प्रत्येकी दोन लिटर पाणी, डोक्याला बांधायची विजेरी, ओळखपत्र आणि बोटीच्या कागदांच्या प्रती पाण्यात भिजणार नाहीत अशा पिशवीत ठेवा. सागरी पोलीस विचारतात आणि विचारावंच. आम्ही प्रत्येक गावी स्वतःहून सांगत गेलो, कुठेही अडचण आली नाही. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक फोनमध्ये ठेवा. एक माणूस कायम बोटीवर हवा, नांगर घसरला तर किनाऱ्यावरून काही करता येत नाही. अंधार पडताच नांगरदिवा लावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला, चढत्या पाण्यात, विजयदुर्गच्या धक्क्याला उतरलो. किल्ला निवांत पाहिला, गावात पोहे खाल्ले आणि अकराला डिंगी होती तिथेच, तरंगत. पुढच्या पहाटे मतलईवर शीड उभारून देवगडकडे निघालो.