निर्णय केबिनमध्ये होतो की प्लॅनिंगच्या टेबलावर?

मॅनेजर लोक निर्णय कसे घेतात हा विषय निघाला की इंटेलची ती १९८५ ची गोष्ट कोणीतरी सांगतंच. कंपनीचे प्रेसिडेंट अँडी ग्रोव्ह यांनी सीईओ गॉर्डन मूरना विचारलं, बोर्डाने आपल्याला काढून नवीन सीईओ आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरी चिपच्या धंद्यातून बाहेर पडेल. मग ग्रोव्ह म्हणाले, तर ते आपणच का करू नये. गोष्ट भारीच आहे, पण मला तिच्या आधी जे घडलं ते जास्त महत्त्वाचं वाटतं आणि ते फारसं कोणी सांगत नाही.

इंटेल १९६८ मध्ये सुरू झाली ती मेमरी चिप बनवायलाच. पुढे एनईसी, हिताची, तोशिबा या जपानी कंपन्या चांगला माल स्वस्तात द्यायला लागल्या आणि भाव पार पडले. दुसरीकडे १९८१ मध्ये आयबीएमने पीसीमध्ये इंटेलचा ८०८८ प्रोसेसर टाकल्यामुळे प्रोसेसरला मागणी वाढत चाललेली. फॅक्टरीची कपॅसिटी तेवढीच, मग आधी कुठला माल काढायचा? तर नियम असा होता की ज्या मालात एका वेफरमागे (ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप बनतात ती) मार्जिन जास्त, त्याला आधी जागा. प्लॅनिंग आणि फायनान्सची माणसं बसून महिन्यामागून महिने हेच करत होती, त्यामुळे मेमरी आपोआप मागे सरकत गेली. वरचे लोक "मेमरी म्हणजेच इंटेल" यावर वाद घालत होते, आणि तोवर आठ फॅबपैकी (चिपच्या फॅक्टऱ्या) एकाच फॅबमध्ये मेमरी उरली होती!

म्हणजे खरा निर्णय त्या नियमाने आधीच घेतला होता. ग्रोव्ह आणि मूरचं मोठेपण मी कमी करत नाहीये, कारण तो निर्णय उघडपणे मान्य करणं, फॅक्टऱ्या बंद करणं, हजारो माणसं कमी करणं हे त्यांनाच करावं लागलं आणि १९८६ मध्ये कंपनी तोट्यात पण गेली. पण समजा नियम "जास्त नग काढा" असा असता, तर त्याच फॅक्टऱ्या मेमरीच छापत बसल्या असत्या, केबिनमध्ये कितीही हुशार माणसं असली तरी.

मी भोसरीत एका मशीन शॉपमध्ये पीपीसी, म्हणजे प्रॉडक्शनचं प्लॅनिंग आणि कंट्रोल, बघतो म्हणून हे जास्त जाणवतं. आमच्याकडे मीटिंगमध्ये ठरतं की नवीन कस्टमर वाढवायचे, सगळे मनापासून हो म्हणतात, पण महिना मोजला जातो तो डिस्पॅच व्हॅल्यूवर, म्हणजे किती रुपयांचा माल बाहेर गेला त्यावर. मग पंचवीस तारखेनंतर लोडिंग शीटवर, म्हणजे कुठल्या मशीनवर कुठला जॉब लावायचा त्या तक्त्यावर, काय होतं? नवीन कस्टमरचे दहा-बारा सॅम्पल नग, त्याला वेगळं फिक्स्चर (नग मशीनवर पकडून ठेवायचं साधन), सेटिंगलाच अर्धी शिफ्ट जाणार, आणि शेजारी जुन्या कस्टमरचा चालू जॉब, सेटिंग तयार, फक्त नग लावायचे. सुपरवायझर कुठला घेईल? चालू जॉबच घेणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, त्याला आकडा विचारला जातो तो डिस्पॅचचाच. सॅम्पल पुढच्या महिन्यात जातात, कस्टमर दुसरीकडे जातो, आणि हा निर्णय कोणी घेतला असं विचारलं तर कोणाचंच नाव सांगता येत नाही.

म्हणून मी मालकांसमोर शीट ठेवून हेच मांडलं. आता एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीनिंगचं मशीन) फक्त सॅम्पलसाठी ठेवायची आणि तिचा आकडा डिस्पॅचमध्ये धरायचा नाही असं ठरलंय, शीटवर त्यांची सही पण झालीये. महिनाअखेरीला मोठी ऑर्डर अडकली की ती मशीन कोण मागायला येतं ते बघायचंय, आणि मी ती सोडणार नाहीये.