रूळ कोनं नेले?

मंगळवार, रात्र. मालेत्र्वा

फ्रान्समधल्या नांतहून रदोंपर्यंत लोकल गाडीने आले आणि तिथून सायकल. आज जेमतेम 40 किलोमीटर झाले. पहिल्या दिवशी मुद्दामच कमी ठेवले होते. उद्या 75 आहेत.

ब्रिटनी प्रांतातल्या या कालव्याच्या काठची वाट बरेच दिवस मनात होती. नांत ते ब्रेस्त, सुमारे 360 किलोमीटर. काठाने चालत घोडे (आणि घोडे परवडत नसतील तर माणसं) दोराने नावा ओढायची, त्यांच्यासाठी ही वाट केली. गाड्यांना इथे बंदी आहे. पायवाटेवर असते ती बारीक खडी आणि माती दाबून बसवलेली, फ्रेंच लोक तिला 'स्ताबिलिझे' म्हणतात. दुकानात मला ते प्रकरण दहा मिनिटं समजावून सांगितलं. आपल्या भाषेत मुरूम. टायर 40 मिलीमीटरचे, हवा थोडी कमी, की चुरमुरे चावल्यासारखा आवाज करत सायकल जाते.

हँडलला डावीकडे मी छोटा आरसा लावलाय, शहरात ऑफिसला जाताना लागतो. आज दिवसभर त्यात फक्त झाडं. तरी दर दोन मिनिटांनी नजर तिकडे जातच होती. मागे कुणी नाही हे शरीराला पटायला वेळ लागतो. पुण्यात अकरा वर्षं सायकल चालवल्याचा हा परिणाम.

वैताग एकच. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून प्रत्येक रस्ता ओलांडताना लोखंडी आडव्या पट्ट्या लावल्यात, नागमोडी. त्यातून रिकामी सायकल जाते, दोन्ही बाजूंना पिशव्या लावलेली जात नाही. मागचं चाक उचलायचं, वळवायचं, ठेवायचं. सतरा वेळा केलं.

बुधवार. पोंतिव्ही

पाय दुखताहेत. त्यामुळे जोसलँच्या किल्ल्याबद्दल एकच ओळ: पाण्यातून थेट वर आलेले तीन गोल बुरूज, छान आहे, सगळे फोटो काढतात, मीही काढला. दुपारी एका गावात बेकरी बुधवारची बंद, आणि दुसरं दुकान साडेबारा ते अडीच बंद. बिस्किटांवर भागवलं.

खरी गोष्ट रोआंच्या पुढे सुरू होते. तिथून पोंतिव्हीपर्यंत 25 एक किलोमीटरमध्ये 54 लॉक आहेत. कालव्यात नावेला चढ चढायचा तर दोन दरवाज्यांच्या हौदात तिला कोंडायची, पाणी भरायचं, नाव वर आली की पुढचा दरवाजा उघडायचा. असे 54 हौद एकामागून एक, जणू टेकडीला पाण्याच्या पायऱ्या केल्यात. प्रत्येकाशेजारी रखवालदाराचं बुटकं घर, दारावर लॉकचा क्रमांक. काही घरांत खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या, काहींना कुलूप. मी क्रमांक वाचत गेले. कुठेही चढ चढतोय असं वाटलं नाही, फक्त थोड्या थोड्या अंतरावर चार पावलांची उसळी, पुन्हा सपाट.

टेकडीच्या माथ्यावर कालव्याला पाणी कुठून येणार, हा प्रश्न मला तिथे उभं राहून पडला. त्यांनाही पडलाच होता. म्हणून लांबच्या एका धरणापासून डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत साठाहून जास्त किलोमीटरचा पाट काढला. एवढ्या लांबीत उतार अगदी नावापुरता. शेताला पाणी देणाऱ्या माणसालाच कळेल ही काय कारागिरी आहे.

आणि हे सगळं कशासाठी? इंग्रजांचं आरमार ब्रेस्त बंदराची नाकेबंदी करायचं, तेव्हा माल आतल्या वाटेने न्यावा हा नेपोलियनचा बेत. कालवा पुरा खुला झाला 1842 मध्ये. नेपोलियन जाऊन वीस वर्षं झालेली, नाकेबंदी केव्हाच संपलेली. पुढे वीसेक वर्षांत आगगाडी आली. स्लेटचे दगड, चुना, खत वाहत बिचारा कालवा तग धरून राहिला. मी आज ज्या गावी झोपतेय त्याचं नावसुद्धा काही काळ 'नेपोलियनव्हिल' होतं.

गुरुवार. ग्वारेक

आज लिहायला खूप आहे.

सकाळी ब्लावे नदीच्या काठाने निघाले आणि पुढे कालवाच संपला. गेर्लेदांचं धरण. 1930 मध्ये विजेसाठी बांधलं आणि मधले 17 लॉक बुडाले, नावांची वाट कायमची तुटली. 2015 मध्ये दुरुस्तीसाठी तळं रिकामं केलं तेव्हा चिखलातून ती लॉकं आणि रखवालदारांची घरं वर आली होती. बघायला ही झुंबड उडाली होती! ऑफिसातले लोक अजून सांगतात.

तेव्हा वाटेला वळसा घेऊन म्यूर द ब्रेतान्यला जावं लागतं. हे तेच दोन किलोमीटरच्या सरळसोट चढाचं गाव, जिथे 2021 च्या तूर द फ्रान्स सायकल शर्यतीत व्हान डर पूल नावाच्या सायकलपटूने त्या दिवसाचा टप्पा जिंकला आणि आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी घेऊन गेला. मी त्या चढाकडे लांबून आदराने पाहिलं आणि जुन्या रेल्वेच्या वाटेला लागले.

इथे मीटरगेजची गाडी होती. कारे हे गाव मध्ये धरून चारी दिशांना फाटे. 1967 मध्ये बहुतेक फाटे बंद केले, रूळ उखडले. खालची खडीची बैठक तशीच राहिली, तिच्यावर मुरूम टाकून आता सायकलची वाट आहे. सुरुवातीला निळी पाटी: चालणारा, सायकलवाला, घोडेस्वार. फ्रान्सच्या वाहतुकीच्या कायद्यात 2004 पासून हा वेगळा वर्गच आहे, 'व्ह्वा व्हेर्त', हिरवी वाट. रेल्वेचा चढ फसवा असतो. डोळ्यांना सपाट दिसतं, आपण मात्र एकेक गिअर उतरत राहतो आणि वाटतं ब्रेक घासतोय की काय. उतरून चाक फिरवून पाहिलं. ब्रेक ठीक होता.

पाणी संपलं. इथली एक युक्ती मला नांतच्या सायकल ग्रुपने शिकवली होती: गावातली दफनभूमी शोधायची. फुलांना घालायला तिथे नळ असतोच. पिण्याचं नसेल तर वर तशी पाटी असते. एका गावात चर्चमागे नळ सापडला, शेजारी खिळ्याला हिरव्या प्लास्टिकच्या झाऱ्या टांगलेल्या. बाटली भरत होते तेवढ्यात मागून एक आजी आल्या, हातात शेवंतीची कुंडी.

"बोंजूर मादाम. तुमचं कोण आहे इथे?"

मला कसंतरीच झालं. कोणी नाही, पाणी घेते आहे, म्हटलं. त्या हसल्या. कुठल्या वाटेने आलात? रेल्वेच्या, म्हटल्यावर त्यांनी कुंडी खाली ठेवली. त्या लहान असताना 'ल पती ट्रँ'ने, म्हणजे छोट्या गाडीने, बाजाराला जायच्या. आई कोंबड्यांची टोपली घेऊन बसायची. गाडी इतकी हळू की... पुढचं वाक्य मला माहीत होतं. तेच वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, फक्त वऱ्हाडीत.

माझं आजोळ कारंजा. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला तिथून जायची. अडीच फुटांची नॅरोगेज, इंग्रज कंपनीने वऱ्हाडातला कापूस न्यायला टाकलेली. आता गाडी बंद आहे, रुंदीकरण होणार असं आम्ही ऐकतोय. संध्याकाळी खोलीवर पोचल्यावर मामाला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता.

"मंग रूळ कोनं नेले?"

"विकले असतील मामा."

"भंगारात?"

"असेल."

"अन् लोकायनं त्या जागेवर घरं नाही बांधली?"

"नाही."

"बाप्पा!"

तीन दिवस मी मुरूम, उतार, टायर यांचाच विचार करतेय. मामाने फोनवरून बरोबर नस धरली. रूळ गेले तरी खालची पट्टी तुकडे न होता सलग राहिली, कुणाच्या कुंपणात गेली नाही, म्हणून मी आज इथे सायकल चालवली. सामान कितीही भारी घेतलं तरी ती पट्टीच नसेल तर काय करणार?

शुक्रवार, दुपार. कारे स्टेशन

सकाळी धुकं होतं. ग्लोमेलला कालवा टेकडी फोडून जातो: 3 किलोमीटर लांब आणि वीस मीटरहून खोल चर. 1823 पासून नऊ वर्षं शेकडो कैद्यांनी कुदळीने खणला. आज दोन्ही बाजूंना नेच्याची पानं, वर ओक, खाली पाणी काळं. मी खाली बसून केळं खाल्लं. बसवेना, उठले. ज्या सपाट वाटेचं चार दिवस कौतुक करत आले, ती कोणीतरी बेड्या घालून सपाट केलीय.

पुढे मागचं चाक बसलं. पंक्चर. काटा नव्हता, मुरमातलाच एक टोकदार खडा. टायरमध्ये भोक बुजवायला घातलेल्या सीलंटचे पांढरे थेंब उडाले आणि भोक आपोआप बुजलं, फक्त हवा भरावी लागली. पंप मारताना सवयीने आरशात पाहिलं. आरसा चिखलाने पूर्ण बरबटलेला होता. कधीपासून, कोण जाणे.

कारेहून गँगाँची एक लाईन अजून चालू आहे, जुन्या फाट्यांपैकी वाचलेली. एका डब्याची गाडी येईल, सायकल हुकला टांगायची.

आत्ताच मामाचा फोटो आला. गवतात दोन रूळ, एकाला शेळी बांधलेली, आडवी ठेवलेली सुताराची टेप. खाली लिहिलंय: "रूळ हायेत. मोजून पायलं. अडीच फूटच हाय."