तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लॅटमधलं पहिलं बोन्साय

"फ्लॅटमध्ये बोन्साय जगतं का हो? आम्ही न चुकता रोज पाणी घालतो, तरी दोन महिन्यांत वाळलं." कोल्हापुरात राजारामपुरी असो की कळंबा, प्रश्न हाच येतो. जगतं, नक्की जगतं. पण बहुतेक झाडं मरतात ती त्या न चुकता घातलेल्या पाण्यानेच.

उथळ ट्रे पाहिला की वाटतं, माती एवढीशी, लगेच सुकत असणार. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. गळायचं थांबलं की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. कुंडीतही तसंच होतं. निथळून झाल्यावरही तळाशी पाण्याने भरलेला एक थर उरतोच, आणि त्याची जाडी कुंडीच्या उंचीवर नाही, मातीच्या कणांवर ठरते. माती बारीक तितका थर जाड. खोल कुंडीत बरीचशी मुळं त्या थराच्या वर राहतात. पाच सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये मात्र जवळजवळ सगळी त्यातच बुडतात. हवा न मिळाल्याने मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, पानं मलूल पडतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "सुकलंय, पाणी घाला."

म्हणून पहिल्या वर्षी ट्रे घेऊच नका, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. सहा ते आठ इंची मातीची कुंडी घ्या. बोन्सायसारखं दिसणार नाही, पण झाड मुळं धरेल, खोड जाड होईल. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर उथळ भांड्यात न्या. तळाला भोकं पाडलेला मातीचा परळही चालतो.

झाड नांदरुकाचं घ्या, म्हणजे वडाच्याच कुळातलं, नर्सरीत फायकस म्हणून मिळतं ते. चूक पोटात घालणारं झाड आहे ते. फारच ऊन असेल तर जाड, मांसल पानांचं जेड. घरात देवादिकांमुळे वड-पिंपळ नको म्हणणारेही नांदरुकाला सहसा हरकत घेत नाहीत. ज्युनिपर, म्हणजे थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड, मात्र पहिलं झाड म्हणून नको. त्याला हिवाळ्याची खरी थंडी लागते, शिवाय मुळं मेल्यावरही ते कित्येक आठवडे हिरवंच दिसतं, त्यामुळे चूक कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

माती घरी तयार करा. पाच भाग विटेचे तुकडे, दोन भाग जाड वाळू, दोन भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग तांबडी माती. विटेचे तुकडे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे असावेत. चाळून खाली पडलेली भुकटी वापरायची नाही, दाण्यांमधल्या हवेच्या जागा तीच बुजवते. उसाला मानवणारी आपली काळी माती इथे नको. भोकांवर प्लास्टिकची जाळी ठेवा आणि झाड कुंडीला तारेने बांधा. वाऱ्याने हललं की नवी मुळं तुटतात.

कुंडी बदलायला वळीव पडून गेल्यानंतरचे दिवस उत्तम, म्हणजे मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. मुळांचा साधारण एक तृतीयांश भाग कापा, नंतर दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा. या काळात खत अजिबात नको.

ऊन रोज चार-पाच तास, थेट. हॉलमधल्या टीव्हीशेजारी बोन्साय हळूहळू मरतं. पाहुणे आले तर एक दिवस आत आणा, पुन्हा बाहेर. पूर्वेची बाल्कनी सर्वात चांगली. पश्चिमेला एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर हिरवी शेडनेट लावा, नाहीतर कुंडीच तापून मुळं भाजतात. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर तर कुंडी कधीच ठेवू नका.

पाण्यासाठी अगरबत्तीची जुनी काडी दोन सेंटिमीटर खोल खोचा, दहा मिनिटांनी काढा. ओली आली तर आज पाणी नाही. कोरडी आली तर खालून वाहेपर्यंत घाला आणि बशीत साचलेलं ओतून द्या. उन्हाळ्यात दिवसातून दोनदाही लागेल. भर पावसाळ्यात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली की झारी उचलून ठेवा. झड थेट बाल्कनीत येत असेल तर कुंडीच्या एका कडेखाली फरशीचा तुकडा सरकवा. कुंडी तिरकी झाली की तो साचलेला थर बराच कमी होतो. उभ्या केलेल्या स्पंजाचंच गणित.

छाटणी सोपी आहे. फांदीवर सहा-आठ पानं येऊ द्या, मग दोन-तीन पानं ठेवून फांदीचा पुढचा भाग कापा. चीक येईल, ओल्या फडक्याने पुसा. तार अॅल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश, ४५ अंशांत गुंडाळलेली. पावसाळ्यात नांदरुक भराभर जाड होतं, म्हणून दर दोन आठवड्यांनी बघा. तार सालीत रुतायला लागली की उलगडत बसू नका, तुकडे करून काढा. रुतल्याचे वळ वर्षानुवर्षं जात नाहीत.

खत म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं), लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. पेंड भिजवून घालू नका, शेजारी दार वाजवतील. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि साबणाचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारा.

आणि नवं नांदरुक घरी आणल्यावर निम्मी पानं गळाली तर घाबरू नका. जागा बदलली की ते असंच करतं. पाणी वाढवू नका, खत देऊ नका, जागा हलवू नका. फांदी नखाने हलकेच खरवडा. साल निघून खाली हिरवं दिसलं तर तीन-चार आठवड्यांत नवे कोंब येतात. तपकिरी लागलं तर बुंध्याकडे सरकत खरवडत जा, आणि हिरवं जिथे लागेल त्याच्या जरा वर कापा.