ऐरोलीची पेशी-सफर: काय पाहावे आणि कशाचे पैसे देऊ नयेत

प्राणी, वनस्पती आणि जीवाणू यांच्या पेशींतील सगळी अंगके खाडीकाठी सूक्ष्मदर्शकातून दाखवू, अशा जाहिरातीला भुलून ऐरोलीला जाणार असाल, तर त्यांपैकी बरीचशी साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्यात येतच नाहीत, हे पैसे भरण्यापूर्वीच जाणून घ्यावे. ठाणे-वाशी लोकलने ऐरोलीला उतरून रिक्षाने खाडी गाठता येते. बोटीतून फ्लेमिंगो भरपूर दिसले आणि त्याबद्दल काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती दुपारच्या सत्राबद्दल. तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी अंगके, पाहण्यासाठी हजारपट मोठे दाखवणारे भिंग लावून देतो, असे सांगून आयोजकांनी प्रत्येकाकडून वेगळे ३०० रुपये घेतले. या भिंगाखाली काचपट्टीवर विशिष्ट तेलाचा थेंब सोडावा लागतो. तो न सोडताच भिंग फिरवल्यामुळे समोर नुसता धुरकट पडदा दिसत होता आणि त्यावर थरथरणाऱ्या काळ्या ठिपक्यांकडे बोट दाखवून ‘याच तंतुकणिका’ असे ठणकावून सांगण्यात आले. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी धुळीचे कणही असेच थरथरतात. तंतुकणिकांची जाडी साधारण अर्धा ते एक मायक्रोमीटर असते. जॅनस ग्रीन हे रंजक घातल्यास त्या बारीक ठिपक्यांसारख्या दिसू शकतात, परंतु ज्या घड्यांवर एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) तयार होते, त्या आतल्या घड्या पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो. सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू साध्या प्रकाशात वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे प्रथिने बनवणारे २० ते ३० नॅनोमीटरचे रायबोसोम पाहण्याची आशा सोडूनच द्यावी.

वनस्पतीपेशीसाठी तिवराचे गळलेले पिवळे पान दिले गेले. फ्लेमिंगो अभयारण्यात पाने तोडू नयेत हे योग्यच आहे, पण पिवळ्या पानातील हरितलवके, म्हणजे पानाला हिरवा रंग देणारी अंगके, मोडलेली असतात, मग त्यात पाहायचे काय? त्यापेक्षा मत्स्यालयाच्या दुकानातून हायड्रिला या पाणवनस्पतीची काडी सोबत न्यावी. तिच्या कोवळ्या पानात चौकोनी पेशीभित्तिका स्वच्छ दिसतात आणि मधली मोठी रिक्तिका (रसाने भरलेली पिशवी) पेशीद्रव्याला कडेला रेटत असल्यामुळे हिरवी हरितलवके भिंतीलगत एकामागून एक फेर धरताना दिसतात. संपूर्ण सत्रात मी खुर्ची सोडली नाही ती केवळ या दृश्यासाठी!

प्राणीपेशीसाठी गालाचा आतला भाग कापसाच्या काडीने हलकेच घासून वर मिथिलीन ब्लूचा थेंब टाकावा. मधोमध गडद निळे केंद्रक दिसते आणि पेशीभित्तिका नसल्यामुळे पेशीची कड रुमालासारखी दुमडलेली असते.

खाडीच्या चिखलाला सडक्या अंड्यांसारखी घाण येते, ती प्राणवायूऐवजी सल्फेटवर श्वसन करणाऱ्या जीवाणूंमुळे. त्यांच्यात केंद्रकही नसते आणि तंतुकणिकाही नसतात. डीएनए पेशीद्रव्यातच असतो आणि ऊर्जानिर्मितीचे काम पेशीपटलावर चालते. तंतुकणिका स्वतःच प्राचीन जीवाणूंपासून आल्या असून त्यांचा वेगळा डीएनए आजही त्यांच्यात आहे, ही गोष्ट ३०० रुपये घेणाऱ्या मार्गदर्शकांना ठाऊकच नव्हती. चिखलात हात घालण्याऐवजी दह्याच्या निवळीचा थेंब पाहावा. त्यात जीवाणूंच्या काड्या आणि साखळ्या दिसतात, मात्र त्यांच्या आतले काही दिसत नाही.

टेबलावर तेलाची बाटली नसेल, तर हजारपटीच्या भिंगाला सरळ नकार द्यावा. हायड्रिलासाठी चारशेपट पुरेसे आहे आणि त्याचे वेगळे पैसे कोणी मागत नाही.